ट्रॉली मागे घेणे : ‘उलटे स्टेअरिंग’ आणि इतर गैरसमज

ट्रॉली ओढण्यासाठी बनवलेली असते; मागे घेताना तिला ढकलावे लागते. सगळी अडचण या एका फरकातून निर्माण होते. पुढे जाताना हुक ट्रॉलीला ओढतो आणि ट्रॉली आपोआप ट्रॅक्टरच्या मागे रेषेत येत राहते. मागे जाताना तोच हुक तिला ढकलतो, आणि ढकललेली ट्रॉली आपोआप रेषेत राहत नाही. ती एका बाजूला वळायला लागते. शेणखताच्या खड्ड्यापाशी, बांधाच्या चिंचोळ्या वाटेने उसाच्या फडात, किंवा साखर कारखान्याच्या अड्ड्यात दोन भरलेल्या ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत ट्रॉली लावणाऱ्याला याचा रोज अनुभव येतो. अमेरिकेत मोटारीमागे कॅम्पिंगचा ट्रेलर जोडून झाडांमधल्या अरुंद जागेत तो लावणाऱ्याचीही अडचण हीच आहे, कारण दोन्हीकडची भूमिती एकच आहे.

मुख्य गैरसमज : ‘ट्रॉली न्यायची त्याच्या उलट स्टेअरिंग फिरवा’

नवशिक्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी हा नियम ऐकवला जातो, आणि बहुतेक वेळा शिकवणे तिथेच संपते. नंतर ट्रॉली दुमडली की दोष त्याच्या हाताला दिला जातो. खरे तर दोष अर्धवट सांगितलेल्या नियमाचा असतो. ‘उलट’ म्हणजे कशाच्या उलट, हे या नियमात स्पष्ट नाही. तो फक्त सुरुवातीच्या थोड्या अंतरापुरता खरा आहे. आणि सगळ्या प्रकारच्या ट्रॉल्यांना तो लागूही होत नाही.

आधी ‘उलट’ या शब्दाचा अर्थ पाहू. ड्रायव्हर मागे वळून पाहतो तेव्हा त्याच्या नजरेची डावी-उजवी बाजू बदलते. पुढे तोंड असताना जी उजवी बाजू, ती मागे पाहताना डावीकडे दिसते. सांगणारा एका दिशेला तोंड करून उभा आणि ऐकणारा दुसऱ्या दिशेला पाहत बसलेला, अशा स्थितीत ‘उलट फिरव’ या सूचनेला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून डावे-उजवे नेहमी ट्रॅक्टरच्या तोंडाप्रमाणे धरावे, ड्रायव्हर कुठेही पाहत असला तरी. पुढच्या वर्णनात तेच धरले आहे.

आता दोन चाकांची साधी ट्रॉली घेऊ. तिचा मागचा भाग उजवीकडे, गोठ्याच्या दाराकडे न्यायचा आहे. मागे जाताना स्टेअरिंग डावीकडे फिरवले की ट्रॅक्टरची मागची बाजू, आणि तिच्याबरोबर हुक, डावीकडे सरकतो. हुक ट्रॉलीच्या दांडीला डावीकडे ढकलतो. ट्रॉली आपल्या चाकांवर फिरते आणि तिचा मागचा फाळका उजवीकडे वळतो. इथपर्यंत ‘उलट’ नियम बरोबर ठरतो.

पण आता ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात कोन तयार झालेला असतो. स्टेअरिंग डावीकडेच धरले तर हा कोन झपाट्याने वाढतो. स्टेअरिंग सरळ केले की कोन आहे तेवढाच राहील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ढकलणे चालू असल्याने सरळ स्टेअरिंगवरही तो वाढतच जातो. तो थांबवायचा तर स्टेअरिंग उजवीकडे, म्हणजे ट्रॉली जिकडे वळते आहे त्याच बाजूला फिरवावे लागते. मग ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मागोमाग त्याच वळणावर येतो. शेवटी दोघांना एका रेषेत आणण्यासाठी स्टेअरिंग उजवीकडे आणखी फिरवायचे आणि ट्रॉली सरळ होण्याच्या थोडे आधी मध्यावर आणायचे. या साऱ्या क्रियेत ‘उलट’ स्टेअरिंग फक्त सुरुवातीला लागते. उरलेले बहुतेक काम ट्रॉलीच्याच बाजूला स्टेअरिंग ठेवून करायचे असते, आणि नियमात नेमके तेच सांगितलेले नसते.

कोन किती वेगाने वाढतो

कोन वाढण्याचा संबंध ट्रॉलीच्या लांबीशी आहे. इथे लांबी म्हणजे हुकापासून ट्रॉलीच्या चाकांच्या आसापर्यंतचे अंतर. हे अंतर 3 मीटर आहे आणि सुरुवातीला फक्त 5 अंशांचा कोन आहे, असे समजू. ट्रॅक्टर अगदी सरळ मागे घेतला तरी 3 मीटर मागे गेल्यावर कोन साधारण साडेतेरा अंश होतो, 6 मीटरवर 36 अंश आणि 9 मीटरवर 80 अंशांच्या पुढे जातो. पहिल्या 3 मीटरमध्ये डोळ्याला जेमतेम जाणवणारा फरक शेवटच्या 3 मीटरमध्ये हाताबाहेर जातो. ‘अचानक दुमडली’ असे ड्रायव्हर म्हणतो, तेव्हा दुमडणे बरेच आधी सुरू झालेले असते.

कोनाला एक मर्यादाही असते. ती ओलांडल्यावर स्टेअरिंग पूर्ण फिरवूनही मागे जाता जाता ट्रॉली सावरता येत नाही. ट्रॅक्टर कमीत कमी 3.5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो आणि हुक मागच्या चाकांच्या आसाजवळ आहे, असे धरले तर 3 मीटरच्या ट्रॉलीसाठी ही मर्यादा साधारण 59 अंश येते. लांबी निम्मी, म्हणजे दीड मीटर असेल तर ती साधारण 25 अंशांवर येते. मर्यादेपलीकडे स्टेअरिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिथे एकच उपाय उरतो : थांबणे आणि पुढे घेणे.

चार चाकांच्या ट्रॉलीला नियमच बदलतो

ऊस वाहतुकीत चार चाकांच्या ट्रॉल्या सर्रास दिसतात. त्यांची पुढची दोन चाके फिरत्या चकतीवर, म्हणजे टर्नटेबलवर बसवलेली असतात आणि दांडी त्या चाकांना जोडलेली असते. त्यामुळे इथे सांधे दोन होतात : एक हुकाशी, दुसरा टर्नटेबलपाशी. प्रत्येक सांध्यावर दिशा एकदा उलटते. दोनदा उलटली की ती पुन्हा मूळ दिशेवर येते. म्हणून अशा ट्रॉलीचा मागचा भाग उजवीकडे न्यायचा असेल तर स्टेअरिंगही सुरुवातीला उजवीकडेच फिरवावे लागते. ‘उलट’चा नियम घोकून आलेला ड्रायव्हर इथे पहिल्याच क्षणी चुकतो, आणि आपण नेमके काय चुकलो हे त्याला कळत नाही.

अडचण इथेच संपत नाही. हुकापासून पुढच्या चाकांपर्यंतचे अंतर कमी असते, म्हणून दांडीचा कोन फार लवकर वाढतो. हे अंतर दीड मीटर धरले तर 5 अंशांचे 36 अंश व्हायला 3 मीटर पुरतात. त्यामुळे दांडी थोडी वळताच स्टेअरिंग दुसऱ्या बाजूला नेऊन तिला सावरावे लागते, आणि हे पुन्हा पुन्हा करावे लागते. अशा दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या की सांधे चार होतात. त्या एकत्र मागे घेणे मुरलेल्या ड्रायव्हरलाच जमते. कामाच्या ठिकाणी मागची ट्रॉली सोडवून एकेक लावणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

एका वाक्यातला नियम पुरत नाही, याचे दाखले संशोधनातही मिळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात डेरिक न्गुयेन आणि बर्नार्ड विड्रो यांनी 1989 च्या सुमारास संगणकावरच्या न्यूरल नेटवर्कला ट्रेलर जोडलेला ट्रक मागे घेऊन धक्क्याला लावायला शिकवले. हा प्रश्न निवडण्याचे कारण त्याची कठीणता हेच होते. संगणकाच्या पडद्यावरचा तो ट्रक हजारो वेळा मागे घेतल्यानंतर नेटवर्क तयार झाले. फोर्ड कंपनीने 2016 च्या एफ-150 पिकअपमध्ये यासाठी एक वेगळे बटण दिले. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे ते फिरवायचे. स्टेअरिंग किती आणि कुठे फिरवायचे हे गाडी ट्रेलरचा कोन सतत मोजून ठरवते. स्टेअरिंग उलटे फिरवून भागत असते, तर कोन सतत मोजण्याची गरजच पडली नसती.

इतर गैरसमज

*‘ट्रॉली छोटी, म्हणून मागे घ्यायला सोपी.’* नेमके उलट आहे. हुक ते चाके हे अंतर जितके कमी, तितका कोन लवकर वाढतो आणि सावरण्याची मर्यादाही लवकर येते. मोठ्या ट्रॉलीला जागा जास्त लागते, पण चूक दुरुस्त करायला वेळही जास्त मिळतो.

*‘हळू घेतले की ट्रॉली दुमडत नाही.’* कोन वेगावर नाही, अंतरावर अवलंबून असतो. मुंगीच्या पावलाने गेले तरी तितक्याच अंतरात तितकाच कोन होतो. हळू जाण्याचा खरा फायदा हा की कोन दिसून स्टेअरिंग फिरवायला पुरेसा वेळ मिळतो. तेवढ्यासाठी हळूच गेले पाहिजे.

*‘पुन्हा पुढे घ्यावे लागले म्हणजे ड्रायव्हर कच्चा.’* हा समज नुकसान करणारा आहे, कारण त्यापायी दुमडत चाललेली ट्रॉली ईर्ष्येने ढकलली जाते आणि दांडी, हुक किंवा मागचा टायर जायबंदी होतो. पुढे जाताना हेच गणित उलट चालते : 3 मीटरच्या ट्रॉलीचा 36 अंशांचा कोन 6 मीटर सरळ पुढे गेल्यावर आपोआप 5 अंशांवर येतो. अमेरिकेत जड वाहनांच्या परवान्याच्या परीक्षेत मागे घेताना ठरावीक वेळा पुढे घ्यायची आणि खाली उतरून पाहायचीही मुभा असते. परीक्षकांनी मान्य केलेली गोष्ट अड्ड्यात कमीपणाची मानण्याचे काही कारण नाही.

*‘एका बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॉली वळते.’* ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या मागच्या चाकांचे ब्रेक वेगळे दाबता येतात, पण त्याने वळतो तो ट्रॅक्टर. तो जागेवर झटकन फिरला की ट्रॉलीशी होणारा कोनही तितक्याच झटक्यात वाढतो. शेतातून रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिळीने जोडलेलीच असली पाहिजेत. भरधाव ट्रॅक्टरचा एकाच बाजूचा ब्रेक लागला तर तो उलटू शकतो.

*‘कोणत्याही बाजूने वळवून लावले तरी सारखेच.’* ट्रॅक्टरवर ड्रायव्हर मधोमध आणि उंचावर बसतो, त्यामुळे रिकाम्या ट्रॉलीच्या बाबतीत दोन्ही बाजूंचा फरक कमी पडतो. मोटारीचे तसे नाही. ट्रेलर ज्या बाजूला वळतो ती बाजू आरशात दिसते आणि दुसरी दिसेनाशी होते. भारतात स्टेअरिंग उजवीकडे असल्याने ट्रेलर उजवीकडे वळेल अशा रीतीने जागेत शिरावे. अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडे असल्याने डावीकडे. त्यासाठी थोडा वळसा घालून दुसऱ्या टोकाने यावे लागले तरी तो वळसा सार्थकी लागतो.

*‘सरळ मागे घेताना स्टेअरिंग हलवायचे नसते.’* जमीन कधीच एकसारखी नसते, त्यामुळे छोटा कोन होतोच आणि तो वाढतोच. दोन्ही बाजूंचे आरसे पाहत राहावे. ज्या बाजूला ट्रॉली जास्त दिसू लागेल, त्या बाजूला स्टेअरिंग थोडेसे फिरवून लगेच मध्यावर आणावे. दोन चाकांच्या ट्रॉलीला हे लागू पडते.

*‘मागे माणूस उभा आहे, मग काळजी नाही.’* यातला सर्वांत धोकादायक गैरसमज हा. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ट्रॉलीच्या बरोबर मागे, मधोमध उभा असतो, आणि ड्रायव्हरला तो तिथे दिसतच नाही. उसाने भरलेल्या ट्रॉलीमागचे काहीच दिसत नाही, आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. मदतनीसाने बाजूला, ड्रायव्हरच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहावे. ट्रॉली आणि भिंत यांच्यामध्ये कधीही थांबू नये. थांबण्याची खूण कोणती, हे दोघांनी आधी ठरवून घ्यावे. मदतनीस दिसेनासा झाला की ड्रायव्हरने त्याच क्षणी ब्रेक दाबावा, मग कोन कितीही जुळून आलेला असो. अंगणात किंवा अड्ड्यात मुले खेळत असतील तर आधी खाली उतरून ट्रॉलीला एक फेरी मारावी, मुलांना एका बाजूला कुणाच्या तरी नजरेखाली उभे करावे, आणि मगच गाडी रिव्हर्समध्ये टाकावी.