अध्ययन-शैली: आवड आणि आकलन

परिचर्या-शिक्षणाच्या (रुग्णसेवेच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाच्या) वर्गांत प्रश्नावली भरून घेऊन कोणी ‘दृश्यप्रधान’, कोणी ‘श्रवणप्रधान’, तर कोणी ‘कृतिप्रधान’ अशी विद्यार्थ्यांची नोंद करण्याचा जो प्रघात अनेक देशांत पडला आहे, त्याचे एक मूळ न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये सहलेखिकेसह मांडलेल्या वर्गीकरणात सापडते. अध्ययन-शैली (शिकण्याची स्वतःला रुचणारी रीत) ही वस्तुतः आवडीची नोंद आहे. ती सामर्थ्याची मोजणी नव्हे.

भाकरी थापण्याचे वर्णन ऐकण्याची कितीही गोडी असली, तरी पिठाला पाणी किती लागते हे जसे परातीत हात घातल्यावाचून कळत नाही, तसेच हृदयाचे ध्वनी कानानेच ओळखावे लागतात, शीर बोटांनीच चाचपावी लागते, मग शिकणाऱ्याची आवड कोणतीही असो.

आवडीबरहुकूम शिकवले म्हणजे ज्ञान अधिक मुरते, ही समजूत शिक्षकांच्या कळकळीतूनच उपजली आहे, हे मनापासून कबूल केले पाहिजे. परंतु २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा या समजुतीला पुरेसा आधार आढळला नाही. स्मरणाला खरी बळकटी येते ती आठवून पाहण्याने आणि अंतराअंतराने केलेल्या उजळणीने: वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून हजार मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब, हा हिशेब आज समजून घ्यावा आणि चार दिवसांनी वही न उघडता पुन्हा करून पाहावा.