उलट गतीचा गिअर कधीकधी का अडतो?

मोटारीचे काही दोष उघड असतात. चाकातील हवा गेली, तर ते लहान मुलासही कळते. परंतु जो दोष सकाळी दिसतो आणि दुपारी नाहीसा होतो, तो मोठा फसवा. उलट गतीच्या, म्हणजे रिव्हर्स गिअरच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते. दोन गडग्यांमधील अरुंद वाटेवर समोरून बस यावी आणि नेमका तेव्हाच हा गिअर पडू नये, म्हणजे चालकाची काय अवस्था होते, हे गोमंतकातील वाचकांस सांगावयास नको. मग घाईने गिअरपेटी उघडली जाते आणि भाड्याची गाडी चालविणाऱ्याचे पैसे व दिवस दोन्ही खर्ची पडतात. वास्तविक दोष पुष्कळदा पेटीत नसतोच.

प्रथम रचना पाहू. पुढे जाण्याच्या गिअरांत फिरत्या भागांचा वेग जुळवून देणारी ‘सिंक्रोमेश’ नावाची योजना असते. कॅडिलॅक मोटारीत ती १९२८ साली आली. रिव्हर्सला मात्र अनेक मोटारींत ही सोय नसते. तेथे सरळ दातांचे एक मधले चक्र सरकत जाऊन दोन चक्रांच्या मध्ये बसते आणि त्यामुळे फिरण्याची दिशा उलटते. दातासमोर दात आला, तर चक्र आत शिरत नाही. आतील दांडा फिरत असला, तर करकर आवाज होतो. चक्रे दर वेळी निराळ्या जागी थांबतात. म्हणून गिअर कधी पडतो, कधी पडत नाही.

तेव्हा ‘का?’ या प्रश्नाच्या आधी ‘केव्हा?’ हा प्रश्न विचारावा. गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून पुढील परीक्षा कराव्यात.

एक : क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबावे, किंवा आधी पहिला गिअर टाकून मग रिव्हर्स टाकावा. एवढ्याने गिअर निमूटपणे पडला, तर बहुधा दोष नाही, घाई होती.

दोन : थांबूनही करकर होते, पण इंजिन बंद असता गिअर सहज पडतो. येथे क्लच पुरता सुटत नाही, असा संशय घ्यावा. पेडल दोन-तीन वेळा दाबल्यावर सुधारणा झाली, तर द्रवावर चालणाऱ्या क्लचच्या नळीत हवा शिरली आहे किंवा द्रव गळत आहे. तारेचा क्लच असल्यास तार ढिली झाली आहे का, ते पाहावे.

तीन : इंजिन बंद असतानाही गिअर अडतो. इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा; दात सरकून वाट मिळाली, तर चिंता नाही. तरीही अडला, तर दांडीपासून पेटीपर्यंतची जोडणी, तिचे झिजलेले बुश व तारा तपासाव्यात.

चार : गिअर पडतो, पण भार येताच निसटतो. जोडणी ठीक असूनही असे होत असेल, तरच पेटीतील झिजलेले दात किंवा चक्र सरकविणारा काटा यांकडे वळावे. पेटीतील तेलात धातूचे कण सापडले, तर हा संशय बळावतो.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि गाडी थंड होती की तापलेली, चढावर होती की सपाटीवर, हे वहीत टिपून ठेवावे. अशी चार दिवसांची नोंद घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला कुशल मिस्त्रीही मान देतो.

विद्यार्थी मित्रहो, व्याकरणात अपवादालाही बहुधा आपला नियम असतो. ‘कधीकधी’ होणाऱ्या बिघाडाचेही तसेच आहे. तो नियम सापडेपर्यंत पान्याला हात लावू नये.