कोंब घरात, रोप जाळीत

टोमॅटोचं बी म्हणजे चपटी, फिकट पिवळी, अंगावर बारीक लव असलेली टिकलीएवढी गोष्ट. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बसतात. एकाच पाकिटातलं निम्मं बी घरात खिडकीच्या कट्ट्यावर पेरा आणि निम्मं गच्चीवरच्या हिरव्या जाळीखाली. तीन आठवड्यांनी ही रोपं एकाच जातीची आहेत हे पटणार नाही. खिडकीतली उंच, लेचीपेची, फिकट आणि काचेकडे झुकलेली. जाळीतली बुटकी, गर्द हिरवी, जाड देठाची.

घरातली रोपं भराभर उंच झाली की आपल्याला आनंद होतो. खरं तर ती उपाशी असतात आणि उजेडाच्या शोधात धावत असतात. आपल्या डोळ्यांना यातलं काहीच जाणवत नाही, कारण अंधार-उजेडाशी ते पटकन जुळवून घेतात. पण दिव्यांनी उजळलेल्या दिवाणखान्यात जेमतेम दोन-तीनशे लक्स प्रकाश असतो आणि भर दुपारच्या उन्हात सुमारे 1 लाख. पन्नास टक्क्यांच्या हिरव्या जाळीने, म्हणजे शेडनेटने, निम्मं ऊन अडवलं, तरी रोपाला घरातल्यापेक्षा शंभरपटीहून जास्त उजेड मिळतो.

डोळे नसलेल्या रोपाला हा फरक कळतो तरी कसा? या कोड्याचा मोठा उलगडा 1952 साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात झाला. लेट्यूसच्या काही जातींचं बी अंधारात नीट रुजत नाही. बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला, तेव्हा ते रुजलं. लालनंतर अतिलाल, म्हणजे वर्णपटात लालच्या पलीकडचा प्रकाश टाकला, तर बी पुन्हा गप्प. मग लाल, अतिलाल, पुन्हा लाल अशी पाळी लावली. प्रकाश कितीही वेळा बदलला, तरी बियांनी शेवटच्या झोताचंच ऐकलं! ही किमया फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याची. एका रंगाच्या प्रकाशाने ते एक रूप घेतं, दुसऱ्याने परत पहिलं.

निसर्गात याचा उपयोग काय? पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल खाली सोडतात. म्हणजे जमिनीतल्या इवल्याशा बियाला, आपल्या डोक्यावर मोकळं आभाळ आहे की दुसऱ्या झाडाची सावली, हे रुजण्याआधीच समजतं.

टोमॅटोचं बी अंधारातही रुजतं, पण वर येताना त्याचा कोंब पाहण्यासारखा असतो. मान खाली घातलेला आकडाच जणू. नाजूक शेंडा मातीत घासला जाऊ नये म्हणून देठाचा बाक पुढे होऊन वाट काढतो. या काळात बियातली सगळी शिदोरी एकाच कामावर खर्च होते: लांब होणं. उजेड लागला की काही तासांत बाक सुटू लागतो, बीजदलं उघडतात, हिरवा रंग चढतो आणि लांबण्याला लगाम बसतो. खोलीतल्या अपुऱ्या उजेडात हा लगाम सैल राहतो. त्यात प्रकाश एकाच बाजूने आला, तर ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त साठतं, तिकडच्या पेशी अधिक लांबतात आणि रोप खिडकीकडे झुकतं.

वाऱ्याचाही यात वाटा आहे. झुळकीने हलणारं रोप उंची आवरतं आणि देठ भक्कम करतं. बंद खोलीत हा व्यायाम मिळत नाही, म्हणून शेंड्यांवरून रोज हलकेच हात फिरवला तरी फायदा होतो.

मग घराचा उपयोगच नाही? आहे, आणि मोठा आहे. टोमॅटो-मिरचीचं बी 25 ते 30 अंशांत झटपट रुजतं. डिसेंबरात निफाडकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा गच्चीवरच्या जाळीत मिरची कित्येक दिवस डोकं वर काढत नाही. खोलीत मात्र ऊब टिकते. उलट एप्रिलच्या उन्हात बंद प्लास्टिकखाली कोवळी रोपं होरपळतात. थंड देशांत हरितगृह ऊब राखण्यासाठी बांधतात. आपल्याकडे बहुतेक वर्षभर जाळीला तापतं ऊन गाळायचं असतं.

रोपवाटिकेत म्हणून दोन टप्पे असतात. कोकोपीट (काथ्याचा भुसा) भरलेले प्रो-ट्रे, म्हणजे रोपांचे खणाखणांचे ट्रे, पेरल्यावर एकावर एक रचून, प्लास्टिकने झाकून उबेत ठेवतात. कोंब दिसू लागले की लगेच शेडनेटमध्ये मांडतात. घरीही हेच करावं. पहिला बाक मातीवर दिसला, की त्याच दिवशी ट्रे जाळीखाली न्यावा.

उशीर झालाच, तर टोमॅटोचं रोप टाकून देऊ नका. लावताना लांबलेला देठ बीजदलांपर्यंत मातीत गाडा. त्या देठालाच नवी मुळं फुटतात आणि उजेडासाठी वाढवलेली ती लांबी झाडाला पाणी पुरवायला लागते.