भिंतीतली राखीव वाट

नोकरदार माणूस आयुष्यात फार तर दोनदा घराची मोठी दुरुस्ती काढतो. एकदा मुले वाढू लागली म्हणजे, आणि पुन्हा निवृत्तीच्या सुमारास, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली म्हणजे. अशा वेळी महिनोन्‌महिने चर्चा चालते ती फरशीच्या रंगाची, ओट्याच्या ग्रॅनाइटची आणि न्हाणीघरातील नळांची. विजेच्या कामाकडे वळेपर्यंत उत्साह आणि पैसा ही दोन्ही आटत आलेली असतात. साहजिकच ते काम वायरमनच्या मर्जीवर सोपवले जाते. इंटरनेटची तार घरात कोठून शिरणार आणि कोणत्या खोलीपर्यंत कशी जाणार, हा प्रश्न तर बहुधा कोणाला सुचतच नाही. मग रंगकाम संपते, सत्यनारायण होतो आणि आठवड्याच्या आत कंपनीचा माणूस ड्रिल मशीन घेऊन दारात उभा राहतो. नव्या भिंतीला आरपार भोक पडते आणि खिडकीच्या चौकटीवरून, पडद्याच्या दांडीमागून एक तार खिळे ठोकत ठोकत टीव्हीपर्यंत जाते. घरातील माणसे हळहळतात; पण आता उपाय काय?

हा प्रश्न केवळ भिंतीच्या शोभेचा असता, तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. 2020 च्या मार्चमध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि घरे एकाएकी वर्गही झाली व कचेऱ्याही झाली. त्या काळात अनेक कुटुंबांना प्रथमच कळले, की आपल्या घरातील एकाच खोलीत वायफायच्या लहरी नीट पोचतात. ती खोली अर्थातच मिळवत्या माणसाकडे गेली आणि दहावी-बारावीची मुले स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर किंवा जिन्यात बसून तुटक आवाजातले धडे ऐकत राहिली. ती आणीबाणी सरली. पण प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, अनेक परीक्षा, बँकेचे व्यवहार, शिक्षकांची माहिती भरण्याची कामे हे सारे त्या तारेवरच राहिले आहे. घरात अभ्यासाला जागा कोणाला आणि कोठे मिळते, हे आता काही अंशी भिंतीत काय पुरले आहे यावर ठरते.

या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली तर पुष्कळसा गोंधळ टळेल. तारा बदलत राहतात, भिंत बदलत नाही. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे थांबणारी आणि पत्त्याखाली शेजाऱ्यांचा 'पीपी' क्रमांक लिहिणारी पिढी अजून आपल्यात आहे. त्याच दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून 1995 च्या 15 ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. पुढे केबलवाल्याची जाड तार आली आणि आता प्रकाशतंतू आला आहे. तीस वर्षांत तीन-चार प्रकारच्या तारा येऊन गेल्या. भिंती मात्र त्याच आहेत. म्हणून दुरुस्तीच्या वेळी उत्तम तार कोणती याचा खल करण्यापेक्षा भिंतीत एक मोकळा पाइप घालून ठेवणे अधिक शहाणपणाचे. सबंध कामात पाइपाइतकी स्वस्त वस्तू दुसरी नसेल. झिरी मारणे, गिलावा आणि रंग यांचा खर्च एरवी होतच असतो. त्याच झिरीशेजारी आणखी एक झिरी मारायची आणि 25 मिलिमीटरचा एक पाइप जास्त टाकायचा, एवढेच. त्यात नायलॉनची दोरी ओवून तिची दोन्ही टोके बाहेर ठेवली, म्हणजे पुढे कोणतीही तार त्या दोरीला बांधून ओढून घेता येते.

मात्र हा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा हवा. वायरमनला ते पटत नाही. एकाच पाइपातून सारे जाते की, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे मानू नये. 230 व्होल्टच्या तारेचे आवरण एखादे दिवशी सोलले गेले, तर तो प्रवाह मुलाच्या संगणकापर्यंत पोचता कामा नये. शिवाय विजेच्या तारेला चिकटून समांतर जाणाऱ्या तांब्याच्या तारेत व्यत्ययही येतो. दोन्ही वाटा अंतर राखून न्याव्यात आणि एकमेकींना ओलांडायचे झाले तर काटकोनात ओलांडाव्यात. दुसरी सवय मोडायची ती दिव्यासारखी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर तार पुढे नेण्याची. इंटरनेटच्या बाबतीत प्रत्येक खोलीची तार स्वतंत्रपणे एकाच मध्यवर्ती ठिकाणी यावी लागते. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न घालता सावकाश वळणारा बेंड घालावा, कारण प्रकाशतंतू फार मुडपला की त्यातून प्रकाश बाहेर झिरपू लागतो. काचेचा हा तंतू साधारण केसाइतक्या जाडीचा, 125 मायक्रॉनचा असतो आणि प्रकाश प्रामुख्याने वाहतो तो त्याच्या सुमारे 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. (शुद्ध काचेतून प्रकाश मैलोन्‌मैल नेता येईल, हे 1966 साली मांडणाऱ्या चार्ल्स काओंना नोबेल मिळाले ते 2009 साली. शास्त्रज्ञांनाही प्रतीक्षा यादी चुकत नाही.)

घराच्या आत, खोल्याखोल्यांतून, आजही तांब्याची तार पुरेशी आहे. 'कॅट सिक्स' नावाने मिळणारी तार 100 मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट आणि सुमारे 55 मीटरपर्यंत दहा गिगाबिट वाहू शकते. आपल्या सदनिकांचे क्षेत्रफळ पाहता ही मर्यादा आड येण्याची भीती नाही. काळजी घ्यायची ती वेगळीच. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार त्याच रूपात स्वस्त मिळते. ती ठिसूळ असते आणि जोडणीपाशी पुढे त्रास देते. भिंतीत पुरायची तार शुद्ध तांब्याचीच आहे, हे बिलावर लिहून घ्यावे.

बिनतारी युगात हा तारांचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या बिऱ्हाडाला दारापासून खोलीपर्यंतचा एक पाइप पुरे. आवाजाने उघडणाऱ्या पडद्यांच्या नादी लागून कर्ज वाढवू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दोन-तीन खोल्यांच्या घरात विटांच्या जाड भिंती, लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, आरशाची कपाटे या सर्वांमुळे लहरी क्षीण होतात. दाट वस्तीच्या इमारतीत शेजारपाजारची डझनभर यंत्रे त्याच हवेत बोलत असतात. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, आणि कुटुंबे पन्नास. जे यंत्र एका जागी बसून असते, म्हणजे टीव्ही किंवा अभ्यासाच्या टेबलावरचा संगणक, ते तारेवर घेतले की फोनसाठी हवा मोकळी राहते. दुसऱ्या टोकाच्या खोलीत आणखी एक वायफायचे यंत्र बसवायचे झाले, तर त्यालाही मागून तार मिळाली तरच ते पूर्ण ताकदीने चालते.

प्रकाशतंतूची एक उणीव जुन्या दूरध्वनीच्या ग्राहकाला लगेच जाणवते. तो दूरध्वनी वीज गेली तरी वाजे, कारण त्याला लागणारी वीज त्याच तारेतून एक्स्चेंजमधून येई. काचेतून वीज येत नाही. जेथे भारनियमन होते तेथे कंपनीची पेटी आणि राउटर यांची जागा इन्व्हर्टरच्या जोडणीवरच हवी. ही पेटी लोखंडी कपाटात किंवा चपलांच्या खणात कोंबू नये. घराच्या मध्याजवळ, हवा खेळेल अशा जागी दोन प्लग राखून ठेवावेत.

घरात कितीही व्यवस्था केली, तरी इमारतीत वाट नसेल तर सारे व्यर्थ. मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे. करारनाम्याच्या बैठकांत चटईक्षेत्र, कॉर्पस आणि गाडीची जागा यांवर रात्री जागवल्या जातात. तळापासून गच्चीपर्यंत तारांसाठी उभी मोकळी वाट असेल का, हे फार थोडे सभासद विचारतात. ती नसली की जी कंपनी प्रथम येते तिच्याच तारा जिन्यातून चढतात आणि रहिवाशांना निवड उरत नाही. सेवा वाईट असो वा दर चढे असोत, कंपनी तीच. इमारतीत सर्व कंपन्यांना समान प्रवेश असावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2017 मध्येच केली होती. 2024 साली त्याच प्राधिकरणाने इमारतींना जोडणीच्या सोयींनुसार मानांकन देण्याचे विनियम काढले. पण मानांकन घ्यायचे की नाही हे मालकावर किंवा विकासकावर सोडलेले आहे. तेव्हा संस्थेच्या सर्वसाधारण सभेनेच ही अट करारात घालून घेतली पाहिजे. विकासक स्वतःहून ती सुचवील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

नव्या मनोऱ्यांतील काही भिंती साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या असतात. त्यांना, तसेच कोणत्याही इमारतीच्या स्तंभांना व तुळयांना, पाइपासाठी झिरी पाडू देऊ नये. तेथे फरशीलगतच्या पट्टीमागून किंवा छताच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून तार न्यावी. विटांच्या भिंतीत पाइप बसवून झाले की गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीशी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे, आणि पाइप जमिनीपासून किती उंचीवर व कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, याचा कागदावर साधा नकाशा काढून तो भागपत्र आणि वीजबिलाच्या फायलीत ठेवावा. पुढे भिंतीत खिळा ठोकायला येणारा सुतार प्रथम तो कागद मागेल.