वाघाच्या पंगतीतली पोवळी

मैत्रिणींनो, पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला लाल खडा आठवतो. पण त्याची भावंडं आमच्या मुंबईतही राहतात, बरं का! वरळी नि हाजीअलीला ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांना ती चिकटलेली असतात. दिसायला दगडासारखी, पण जिवंत. 2001 साली ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला.

मग मरीन ड्राइव्हहून वरळीला जाणारा सागरी किनारा रस्ता आला. आमच्या गिरगावात चाळ पाडायची तर आधी बिऱ्हाडं मोजतात. समुद्रात भराव टाकताना तिथली बिऱ्हाडं कोणी मोजायची? 16 जुलै 2019 ला उच्च न्यायालयाने रस्त्याची पर्यावरण परवानगी रद्दच केली. नीट शास्त्रीय अभ्यास नाही, शिवाय वन्यजीव कायद्याखालची परवानगीही हवी, असं म्हणून. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली नि काम पुन्हा सुरू झालं. पोवळ्यांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या, त्या 2020 च्या अखेरीस. भराव आधी, बिऱ्हाडं नंतर! 2024 पासून रस्त्यावर गाड्या धावताहेत, सोय झाली हे खरंच.

कोर्टात वरळीचे मच्छीमारही गेले होते. तिथल्या बायका त्याच खडकांवर कालवं काढायला जायच्या. कुठे काय चिकटलंय, हे त्यांना विचारलं असतं तरी निम्मी यादी तिथेच झाली असती.