हेरांच्या फायली, लांबी १११ किलोमीटर

नवी मुंबईतल्या सारसोळेच्या जेट्टीवर ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की होड्या चिखलात कलंडून पडतात. संध्याकाळी तिथे टेकायची माझी सवय जुनी. मध्यंतरी पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्तचर खात्याबद्दल वाचत होतो. त्यातला एक आकडा काही केल्या डोक्यात मावेना. त्या खात्याच्या कागदपत्रांची लांबी १११ किलोमीटर. मग एका संध्याकाळी त्या फायली जेट्टीपासूनच रस्त्यावर मांडायला घेतल्या.

फडताळात पुस्तकं लावतो तशा उभ्या, एकीला एक खेटून. पाम बीच रस्त्याने बेलापूर, पुढे कळंबोली. तिथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, तो ९४.५ किलोमीटरचा. खालापूर, बोरघाट, लोणावळा, कामशेतचा बोगदा. किवळ्याला रस्ता संपतो आणि फायलीही जवळजवळ तिथेच संपतात.

कोऱ्या कागदांचं ५०० पानांचं रीम साधारण पाच सेंटीमीटर जाड भरतं. म्हणजे मीटरला दहा हजार कागद आणि किलोमीटरला एक कोटी. निव्वळ कागद धरले तर एकूण १११ कोटी. मिनिटाला एक कागद, रोज आठ तास, रविवार नाही की दिवाळी नाही, असं वाचत सुटलं तरी सहा हजारांवर वर्षं लागतील.

हे लिहिणारे हातही तेवढेच. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीची वस्ती होती १ कोटी ६४ लाख आणि श्टाझीचे पगारी नोकर होते ९१ हजार. दर १८० माणसांमागे एक. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाख २० हजार भरली. तेच प्रमाण लावलं तर आपल्या शहरात सव्वासहा हजार पूर्णवेळ हेर फिरत असते. खबरे यात धरलेले नाहीत, ते तिकडे १ लाख ८९ हजार होते. आमच्या गावठाणात कुणाकडे पाहुणे आले हे बिनपगारी कळतं, ती गोष्ट अलाहिदा.

राज्य कोसळताना श्टाझीवाल्यांनी फायली फाडायला घेतल्या. फाटक्या कागदांची सुमारे १६ हजार पोती हाती लागली. १९९५ पासून ते तुकडे हाताने जोडायला माणसं बसवली, तर वीसेक वर्षांत पाचशेच्या वर पोती झाली. याच वेगाने सगळी संपायला सहाशेच्या आसपास वर्षं हवीत.

गुपित कुलपात राहतं असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्यातलं बरंचसं ढिगाखाली राहतं.

याची साक्ष त्याच रस्त्यावर आहे. बडोद्याची नोकरी संपवून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई कामशेतला येऊन राहिले होते. वयाची पासष्टी गाठताना त्यांनी पुण्यातल्या पेशवे दफ्तराला हात घातला. दफ्तरात मराठी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, २७ हजारांवर. रुमालात हजारच कागद धरले तरी २ कोटी ७० लाख होतात. आपल्या मिनिटाला एक या हिशेबाने १५४ वर्षं. शिवाय ही मोडी! बोरू न उचलता ओढलेली ओळ, शब्द कुठे संपला त्याचा पत्ता नाही, तारीख मुसलमानी चंद्राची. आणि बहुतेक कागद सारा, इनाम, जमाखर्चाचे. कोणत्या दरबारी काय शिजतंय ते कळवणारी वकिलांची बातमीपत्रं आणि जासुदांच्या थैल्यांतली पत्रं या हिशेबांच्या गर्दीत. १९३० ते १९३४ या काळात सरदेसाई आणि त्यांच्या मदतनिसांनी ४५ खंड छापून काढले. त्यांत साडेआठ हजारांवर कागद आले, म्हणजे तीन हजारांतून एक. हे छापणं सुरू झालं तेव्हा पेशवाई बुडून ११२ वर्षं झाली होती.

इंग्रजांचे हेर त्यामानाने लवकर उघडे पडले. १९८२ साली महाराष्ट्र शासनाने बी. जी. कुंटे यांच्या संपादनाखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीवरचा साधनग्रंथ काढला. त्यात मुंबई सरकारच्या दफ्तरातले पोलिसी अहवाल आहेत. सभेत कोपऱ्यात बसून टिपणं घेणाऱ्या त्या शिपायाला कल्पना नसेल, पण सरकारने पगार देऊन चळवळीला तिचा लेखनिक पुरवला होता.

१८८७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या इंटेलिजन्स ब्युरोच्या आजच्या फायलींची लांबी मात्र मांडता येत नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने हे खातं वगळलं आहे. टेप आत न्यायचीच सोय नाही.

आणि एवढ्या कागदांपुढे पानिपतची बातमी किती लांबीची होती? १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, भेलशाजवळ. साडेसहाशे किलोमीटरवरची खबर त्यांना २४ जानेवारीला मिळाली, तीही आपल्या जासुदाकडून नव्हे, एका सावकाराच्या वाटेत पकडलेल्या चिठ्ठीतून. सावकारी सांकेतिक भाषेतली चिठ्ठी ती, तिच्यात माणसाचं नाव एकही नाही. दोन मोती गेले, ते विश्वासराव आणि भाऊ. सत्तावीस मोहरा हरवल्या, ते सरदार. रुपये आणि खुर्दा किती गेला, त्याची गणती सावकारालाही करता आली नव्हती.