टाके काढल्यानंतरचे महिने

पोलिओ झालेली एक मोठी पिढी आता उतारवयाकडे निघाली आहे. बाजारात, बँकेत, एसटी स्टँडवर त्यांतलं कुणी ना कुणी अजूनही दिसतं. चालताना दर पावलाला एक हात मांडीवर दाबलेला. मांडीच्या पुढच्या स्नायूत जोर उरला नाही की गुडघा दुमडतो आणि माणूस कोसळतो. हाताने मांडी मागे रेटली की गुडघा सरळ राहतो, अंगाचा भार पेलतो. ही युक्ती अनेकांना कुणी शिकवलेली नाही. लहान वयात पडत-उठत ती त्यांनी स्वतःच शोधली. ज्यांना कॅलिपर मिळालं त्यांच्या पायाला लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट आले. बसताना गुडघ्याची कडी उघडायची, उठून उभं राहिलं की लावायची. शाळेतल्या बाकावर होणारा तो खटका वर्गातल्या सगळ्यांच्या ओळखीचा असे.

मुंबईत पुनर्वसनाच्या सोयी उभ्या राहिल्या त्यामागे या मुलांचा मोठा वाटा आहे. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्यावरच्या उपचारांसाठी वणवण करताना या शहरात काय नाही हे त्यांना कळलं. 1947 साली त्यांच्या पुढाकाराने अपंग मुलांसाठीची संस्था सुरू झाली आणि हाजी अलीला तिचं रुग्णालय उभं राहिलं. 1953 मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. 1955 मध्ये हाजी अलीलाच केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आली. आठ वर्षांत एवढं घडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुण्याची वाट वेगळी होती. ती लष्करातून आली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून 1917 मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत स्थिरावली. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1944 मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघालं. नवा पाय बसवणं हा तिथल्या कामाचा एक भाग. त्याआधी उरलेला पाय रोज पट्टीने घट्ट गुंडाळून आकाराला आणावा लागतो. आराम वाटतो म्हणून त्याखाली उशी ठेवून चालत नाही, कारण मग खुब्याचा सांधा वाकलेलाच आखडतो आणि उत्तम बनवलेला पायसुद्धा लावता येत नाही. त्यासाठी रोज पालथं झोपावं लागतं. या कंटाळवाण्या पालथ्या झोपण्यावर पुढचं चालणं अवलंबून असतं, आणि शस्त्रक्रियेच्या कौतुकात त्याचा उल्लेखही होत नाही.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात होते, बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. पोहणं त्यांच्याकडे आलं ते उपचार म्हणून. पाणी अंगाचा भार उचलतं. जमिनीवर पाय ओझं होतात, पाण्यात खांदे आणि दंड पुढे नेतात. 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं. पदकाइतकंच त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल लिहिलं जायला हवं होतं: रुग्णालयातल्या खाटेपासून तलावापर्यंतच्या.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून संस्था उभी केली, आणि व्यायामानंतर शिक्षण, वसतिगृह, नोकरी हे सगळं मिळालं तरच पुनर्वसन पुरं होतं हे करून दाखवलं. कायदा मागून आला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले.

13 जानेवारी 2011 ला हावड्यात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. हे यश फार मोठं आहे. पण जुन्या रुग्णांपैकी अनेकांना आता नव्याने थकवा येतो, इतकी वर्षं दुप्पट काम केलेले स्नायू पुन्हा दुबळे होतात. त्यांना 'व्यायाम वाढवा' म्हणणं घातक ठरू शकतं. ताकद राखून वापरायला शिकवावं लागतं. पोलिओ कधी पाहिलेलाच नाही अशा तरुण थेरपिस्टांना हे आवर्जून शिकवायला हवं.

आज फिजिओथेरपीच्या खोल्यांमध्ये गर्दी आहे ती पक्षाघाताची, मधुमेहात गेलेल्या पावलांची आणि रस्त्यावरच्या अपघातांची. पक्षाघातात पहिले तीन महिने सोन्याचे, कारण सर्वांत भराभर सुधारणा तेव्हाच होते. नेमके तेच घरी येऊन वाया जातात, तेही प्रेमापोटी. नातेवाईक लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढून उठवतात. सैल पडलेला खांदा खोबणीतून सरकतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. कुणी हातात मऊ चेंडू देऊन दाबायला सांगतं. बोटं मिटणारे स्नायू आधीच आवळायला लागलेले असताना मेहनत हवी असते मूठ उघडण्याची. 'आजोबा, टेबलावरचा पेला सोडा' हे 'पेला धरा' पेक्षा कितीतरी कठीण असतं. पेल्याभोवतीची बोटं एकेक करून सुटताना घामाघूम झालेला माणूस ज्याने पाहिला आहे, तो या कामाला पुन्हा 'मालिश' म्हणणार नाही.

मेंदूवरच्या उपचारांचा रुग्णालयातला खर्च योजनेतून किंवा विम्यातून निघू शकतो. पुढच्या घरच्या व्यायामांचा बहुतेकदा खिशातूनच करावा लागतो, म्हणून काही आठवड्यांत थेरपिस्टला नको म्हटलं जातं आणि सारं सुनेवर किंवा मुलीवर येऊन पडतं. तिला कुणी काही शिकवलेलं नसतं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची वेळ सविस्तर असते, व्यायामाची एक ओळ.

मुंबई-पुण्यात जे सत्तर वर्षांपूर्वी सुरू झालं ते तालुक्यापर्यंत तुटपुंजंच पोचलं. प्रसूती, लस, सर्पदंश यांची सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असणार हे आपण गृहीत धरतो. व्यायामाच्या खोलीचं तसं कधी झालं नाही. खरं तर दोन समांतर कठडे, रुंद पलंग, आरसा आणि भिंतीवरची शिडी एवढ्यावर ती सुरू होते. त्याबरोबर रोज हजर असणारा, पगार वेळेवर मिळणारा थेरपिस्ट हवा, आणि आठवड्यातून तीनदा रुग्णाला तिथवर आणण्याच्या रिक्षाचं भाडं.